विश्रांतीतला चयापचय वंशानुसार खरंच वेगळा असतो का?

पाणकोळी (धागाकर्ता)

मंडळी, नुकताच आरएमआर, म्हणजे विश्रांतीत असताना शरीर दिवसभरात किती ऊर्जा खर्च करतं तो आकडा, यंत्रावर मोजून घेतला. रात्रभर उपाशीपोटी, मग पारदर्शक हुडाखाली अर्धा तास निपचित. आकडा आला १३७० किलोकॅलरी. वय ४५, उंची १७० सेंमी, वजन ६८ किलो. वय, उंची, वजनावरून आरएमआरचा अंदाज देणाऱ्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने हेच १५२३ यायला हवं होतं. म्हणजे सरळसरळ १० टक्के कमी.

मोजणाऱ्या तंत्रज्ञाला विचारलं, तर म्हणाला, "दक्षिण आशियाई लोकांचं असंच असतं. सूत्रातून दहा टक्के वजा करायचे." त्याच्या दृष्टीने विषय संपला. मला ते पटलेलं नाही. वंश काही ऑक्सिजन जाळत नाही. जाळतात ते यकृत, मेंदू, हृदय, स्नायू. 'वंश' हे उत्तर दिलं की शोधच थांबतो, असं माझं मत आहे.

तर जाणकारांना विचारायचंय: फरक खरंच आहे का? असला तर शरीरात नेमका कुठे बसलाय? आणि सूत्रात वंशानुसार वजाबाकी करणं बरोबर आहे का? वाद घाला, पण आकड्यांसकट घाला ही विनंती.

खटपट्या

वाचतोय. अर्धा तास न हलता, न बोलता पडून राहायचं? इथले निम्मे सदस्य तर या परीक्षेतच नापास. :)

कोरांटी

चांगला धागा. मी अतिदक्षता विभागात आहारतज्ज्ञ आहे, हे यंत्र रोजचं. वंशापर्यंत जाण्याआधी मोजणी नीट झाली का ते बघू या.

यंत्र उष्णता मोजत नाही. तुम्ही किती ऑक्सिजन घेतला आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते मोजतं, आणि १९४९ सालच्या वीअरच्या सूत्राने त्याच्या कॅलरी करतं. सुरुवातीची पाच मिनिटं टाकून द्यायची असतात, कारण माणूस हुडाखाली गेला की आधी जरा बावरतो. खोली थंड असेल तर आकडा वाढतो, चहा-कॉफी झाली असेल तर वाढतो, डुलकी लागली तर घसरतो. सगळं काटेकोर पाळलं तरी एकाच माणसाचा आकडा दोन दिवसांत ३ ते ५ टक्के इकडेतिकडे होतो. तेव्हा पाणकोळी, डोळा लागला होता का? आणि कागदावर आरक्यू (सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला ऑक्सिजन) किती लिहिलाय? ०.७ च्या खाली किंवा १ च्या वर असेल तर हुडातून हवा गळत होती किंवा श्वास बिघडला होता असं समजा.

पाणकोळी

कोरांटीताई, जागा होतो. चहा-कॉफी नाही. आरक्यू ०.८१.

कोरांटी

मग मोजणी भरवशाची आहे. १३७० खरा धरा.

अक्षांश

तंत्रज्ञ बरोबर आहे, असं माझं म्हणणं. हवामानाने माणूस घडवला. उष्ण प्रदेशात हजारो वर्षं राहिलेल्यांना शरीर आतून तापवायची गरज नाही, थंडीत राहिलेल्यांना आहे. सायबेरियातल्या एवेंकी, याकूत आणि बुर्यात लोकांवरचं काम २००२ साली प्रसिद्ध झालंय. त्यांचा बीएमआर (आरएमआरसारखाच, फक्त अधिक काटेकोर अटींत मोजलेला खर्च) अपेक्षेपेक्षा जास्त आहे. चरबीविरहित वजन हिशोबात घेऊनही तो तिथेच राहणाऱ्या रशियन लोकांपेक्षा वर राहतो. थायरॉइड संप्रेरकांचा संबंध दिसतो. हे शरीरात मुरलेलं आहे, नुसतं वातावरण नाही. उगाच सगळं 'सामाजिक' करून टाकू नये.

झुळूक

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

जुनीपाने

अक्षांश, तुमचं उदाहरण चांगलं आहे, पण उष्ण प्रदेश म्हणजे कमी चयापचय हे समीकरण शंभर वर्षांपूर्वीच अडखळलेलं आहे. हा इतिहास मला फार जवळचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आजही वापरात असलेलं हॅरिस-बेनेडिक्ट सूत्र १९१९ चं. बोस्टनच्या कार्नेगी पोषण प्रयोगशाळेत १३६ पुरुष, १०३ स्त्रिया आणि ९४ नवजात बाळं मोजून ते बनवलं. म्हणजे एका देशाच्या एका कोपऱ्यातली मोजकी माणसं हा 'सामान्य माणूस' ठरला. मग बेनेडिक्टला प्रश्न पडला की बाकीचं जग या रेषेवर बसतं का? १९२० आणि ३० च्या दशकांत त्याने आणि सहकाऱ्यांनी जगभर मोजण्या केल्या आणि त्याला 'वांशिक घटक' असं नावही दिलं. १९३१ मध्ये एलिनॉर मेसन आणि बेनेडिक्ट यांनी दक्षिण भारतीय स्त्रियांच्या मोजण्या प्रसिद्ध केल्या. त्या अमेरिकन मापदंडापेक्षा बऱ्याच खाली होत्या. पण युकातानच्या माया लोकांचा आकडा अमेरिकन मापदंडापेक्षा वर निघाला! युकातान काही बर्फाळ प्रदेश नाही.

मला यातली खरी अडचण वेगळीच वाटते. त्या काळी उंची आणि वजन एवढंच हाताशी होतं. शरीरात चरबी किती, स्नायू किती, हे कुणी मोजलेलंच नाही. जे मोजलं नाही त्याची जागा 'वंश' या शब्दाने भरून काढली, आणि तो शब्द पुढच्या शंभर वर्षांच्या तक्त्यांत जाऊन बसला.

दुसरी गोष्ट याहून मोठी. १९८५ साली एफएओ (अन्न व कृषी संघटना), डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) आणि यूएनयू (संयुक्त राष्ट्र विद्यापीठ) यांनी जगासाठी जे अधिकृत समीकरण दिलं, ते स्कोफील्ड या संशोधकाने जमवलेल्या मोजण्यांच्या संग्रहावर उभं होतं. सुमारे ७००० मोजण्या. त्यातल्या जवळजवळ निम्म्या इटालियन लोकांच्या, आणि त्यांत सैनिक, लष्करी छात्र, खाणकामगार, मजूर यांचा भरणा. उष्ण कटिबंधातल्या मोजण्या फक्त ३२२. या मापात उष्ण कटिबंधातला माणूस बसवला की तो 'कमी' ठरणारच. पुढे हेन्री यांनी २००५ मध्ये इटालियन आकडे बाजूला काढून, उष्ण कटिबंधातल्या ४०१८ मोजण्या धरून १०,५५२ मोजण्यांवर ऑक्सफर्ड समीकरणं मांडली. बहुतेक वयोगटांत अंदाज खाली आला. म्हणजे 'त्या' लोकांचं शरीर कमी खर्च करतं यापेक्षा जगाचं माप जास्त लावलं होतं असं म्हणणं मला योग्य वाटतं.

सांजवारा

जुनीपाने काका, दंडवत. वाचनखूण साठवली.

त्रिज्या

जुनीपाने यांनी सांगितलं तेच आकड्यांत बघू या. धागाकर्त्यांचंच वय, उंची, वजन घेतलं. एकच माणूस, वेगवेगळी सूत्रं. १९८५ चं डब्ल्यूएचओवालं सूत्र (११.६ गुणिले वजन अधिक ८७९) देतं १६६८. हेन्रीचं ऑक्सफर्ड सूत्र १५५९. हॅरिस-बेनेडिक्ट १५४८. मिफ्लिन १५२३. जपानमध्ये वापरतात ते २००७ चं सूत्र १४८२.

आता मोजलेले १३७० यांच्याशेजारी ठेवा. पहिल्या सूत्राच्या मानाने पाणकोळी १८ टक्के 'मंद', शेवटच्याच्या मानाने साडेसात टक्के. माणूस तोच, हुड तोच, दिवस तोच. तंत्रज्ञाने सांगितलेले दहा टक्के हा पाणकोळींच्या शरीराचा गुणधर्म नाहीच. त्यांचं शरीर आणि कुणीतरी निवडलेलं सूत्र यांच्यातलं ते अंतर आहे.

अवांतर: जपानमध्ये रूढ असलेल्या त्या सूत्राच्या शोधनिबंधाच्या पहिल्या लेखकाचं आडनाव गणपुले. तिथे ते 'गणपुले समीकरण' म्हणूनच ओळखलं जातं. वाचलं तेव्हा फार आनंद झाला होता.

खटपट्या

गणपुले!! कॉलर ताठ. आता मी तेच सूत्र वापरणार, आकडा काहीही येवो.

शरीरशास्त्री

उशिरा आलो. पाणकोळींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे फरक शरीरात कुठे बसलाय इकडे, अजून कुणी वळलेलं नाही. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

विश्रांतीत कोणता अवयव किती जाळतो याचे रूढ आकडे असे: हृदय आणि मूत्रपिंडं किलोमागे दिवसाला ४४० किलोकॅलरी, मेंदू २४०, यकृत २००. स्नायू फक्त १३. चरबी साडेचार. ७० किलोच्या प्रमाणभूत पुरुषात यकृत १.८ किलो, मेंदू १.४, हृदय आणि मूत्रपिंडं प्रत्येकी साधारण ३०० ग्रॅम. गुणाकार केलात तर हे चार अवयव मिळून पावणेदहाशेच्या आसपास किलोकॅलरी जाळतात. वजन चार किलोसुद्धा नाही, शरीराच्या पाच-सहा टक्के, आणि विश्रांतीच्या खर्चात वाटा जवळपास ५८ टक्के. अठ्ठावीस किलो स्नायू मिळून जेमतेम ३६४.

त्यामुळे 'चरबीविरहित वजन' सारखं असलं तरी आतला माल सारखा असेलच असं नाही. दोन माणसांचं चरबीविरहित वजन ५० किलो. एकाचं यकृत दोनशे ग्रॅमने लहान आणि त्याऐवजी दोनशे ग्रॅम स्नायू. फरक सदतीस किलोकॅलरींचा, आणि शरीररचनेच्या साध्या मोजणीत तो दिसणारच नाही.

अमेरिकेत आफ्रिकन अमेरिकन आणि गोऱ्या प्रौढांच्या आरएमआरमधला फरक अनेक अभ्यासांत दिसतो, चरबीविरहित वजन समान धरूनही. बरीच वर्षं त्याचं कारण सापडत नव्हतं. २००६ साली गॅलाघर आणि सहकाऱ्यांनी एमआरआयने अवयवांची मापं घेतली. आफ्रिकन अमेरिकन गटात खर्चिक अवयवांचं वजन कमी भरलं, आणि ते हिशोबात धरल्यावर आरएमआरमधला फरक उरला नाही. सिंगापूरमध्ये चिनी आणि भारतीय वंशाच्या पुरुषांची तुलना झाली (२०१६), निष्कर्ष त्याच दिशेचा: भारतीय वंशाच्या गटात खर्चिक अवयव लहान. पेशी मंद चालतात असं नाही. यकृताचा किलोमागचा खर्च तोच, फक्त यकृत लहान.

अक्षांश

म्हणजे फरक आहे हे मान्य केलंत की! वांशिक गटानुसार अवयव लहान असतील तर तो वांशिक फरकच झाला. २०११ मध्ये वृद्ध आफ्रिकन अमेरिकनांवर अभ्यास झालाय. जनुकीय खुणांवरून ज्यांच्यात युरोपीय वंशाचा वाटा जास्त, त्यांचा आरएमआर जास्त. एकाच समाजात, शरीररचना धरूनही. याला काय म्हणाल?

शरीरशास्त्री

फरक नाही असं मी कधीच म्हटलं नाही. तो कुठे आहे ते सांगतोय. 'वांशिक गटांत सरासरीने दिसतो' आणि 'वंशामुळे होतो' यांत फार मोठं अंतर आहे. तुम्ही सांगितलेला अभ्यास महत्त्वाचा आहे, पण जनुकीय वाटा हा तिथे त्वचेचा रंग, राहणीमान, आईचं पोषण, बालपण या सगळ्यांशी गुंफलेला असतो. दुवा दाखवणं म्हणजे यंत्रणा दाखवणं नाही.

अवयव लहान का राहतात याचा एक धागा गर्भात जातो. डॉ. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळं आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ताडून पाहिली, २००३. सरासरी वजन २.७ किलो विरुद्ध ३.५ किलो. पण सगळं सारख्या प्रमाणात कमी नव्हतं. त्वचेखालची चरबी बरीचशी टिकून होती. स्नायू आणि पोटाचा घेर सगळ्यात मागे होते. पोटात काय असतं? यकृत, मूत्रपिंडं. तेच खर्चिक अवयव! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जागचा उठून फेऱ्या मारायला लागलो होतो. आई आणि तिची आई यांच्या पोषणाने ठरलेली गोष्ट तीन पिढ्यांनंतर हुडाखाली 'वंश' म्हणून नोंदवली जात असेल, तर ती नोंद अन्यायाची आहे.

याच डॉ. याज्ञिकांचं २००४ सालचं, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातलं एक पानी टिपण प्रसिद्ध आहे. ते आणि त्यांचे ब्रिटिश मित्र युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

उंबरठा

शरीरशास्त्री यांच्या शेवटच्या वाक्याला शंभर वेळा अनुमोदन.

मला 'दक्षिण आशियाई' या शब्दाबद्दलच बोलायचंय. दीडशे कोटींहून जास्त माणसं, त्यांत डोंगरावरची, किनाऱ्यावरची, पिढ्यान्पिढ्या अर्धपोटी राहिलेली, पिढ्यान्पिढ्या सुखवस्तू. सगळ्यांचे दहा टक्के वजा? मूत्रपिंडांचं कार्य मोजायच्या समीकरणात कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता. त्यामुळे काहींचा आजार प्रत्यक्षापेक्षा सौम्य दिसायचा. २०२१ मध्ये तो गुणक काढून टाकलेलं समीकरण आलं. फुप्फुसांच्या चाचणीतही तीच वाटचाल चालू आहे. वैद्यक एकीकडे हे गुणक सोडत असताना पोषणात आपण नवे का बसवायचे?

कोरांटी

उंबरठा, तुमची कळकळ समजते, पण मी रोज रुग्णाच्या खाटेशेजारी उभी असते. प्रत्येक ठिकाणी हुड नसतो. श्वासयंत्रावर असलेल्या माणसाला नळीतून किती ऊर्जा द्यायची हे आज दुपारच्या आत ठरवायचं असतं. १९८५ चं सूत्र जसंच्या तसं लावलं तर जास्त अन्न जातं. त्याने कार्बन डायऑक्साइड वाढतो, श्वासयंत्र सुटायला वेळ लागतो, साखर चढते, यकृतात चरबी साठते. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१० च्या शिफारशींत डब्ल्यूएचओच्या समीकरणातून भारतीयांसाठी ५ टक्के कमी धरले, ते कुणाला कमी लेखायला नाही. हातात दुसरं काही नसताना थोडं कमी चुकणारा आकडा घेणं हे मला गैर वाटत नाही.

उंबरठा

पण ताई, त्याच खाटेवर त्याच समाजातला कसलेल्या शरीराचा तरुण आला तर? त्याचे पाच टक्के विनाकारण कापले जातील. आणि दुसऱ्या समाजातली कृश म्हातारी आली तर तिला विनाकारण जास्त जाईल. वजाबाकी शरीर बघून करा. नाव आणि चेहरा बघून नको.

कोरांटी

हे मान्य. कृश रुग्णाला मी तशीही सूत्रावर सोडत नाही, दंडाचा घेर आणि स्नायू बघतेच. माझा आग्रह एवढाच की ज्यांच्याकडे मोजायचं साधन नाही त्यांना 'सूत्रच वापरू नका' सांगून मोकळं होता येत नाही. त्यांना आजच्या आज काहीतरी द्यावं लागतं.

सांजवारा

मध्येच बोलते. स्त्रियांचा आरएमआर पुरुषांपेक्षा कमी असतो तोही असाच, शरीररचनेमुळे का? आणि चाळिशीनंतर चयापचय मंदावतो हे तरी खरं का?

त्रिज्या

सांजवाराताई, पहिल्याला बऱ्याच अंशी हो. दुसऱ्याला नाही! २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ६४२१ लोकांची माहिती आली, २९ देशांतली, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांपर्यंत. शरीराचं आकारमान आणि रचना धरली तर वीस ते साठ या वयात ऊर्जाखर्च जवळजवळ सपाट राहतो. घसरण साठीनंतर. एक वर्षाच्या बाळाचा खर्च मात्र आकारमानाच्या मानाने मोठ्यांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त.

खटपट्या

चाळिशीवर खापर फोडणाऱ्या समस्त सदस्यांनी आपापली निमित्तं परत घ्यावीत.

दूरदेशी

मला वाटतं आपण मोठं चित्र विसरतोय. आरएमआर हा दिवसाच्या एकूण खर्चाचा साठ-सत्तर टक्के भाग. टांझानियातले हाड्झा लोक शिकार आणि कंदमुळं गोळा करून जगतात, दिवसभर चालतात. २०१२ मध्ये त्यांचा एकूण खर्च मोजला तेव्हा शरीराचं आकारमान धरल्यावर तो पाश्चात्त्य शहरी माणसांइतकाच निघाला. मग गटागटांतल्या विश्रांतीच्या पाच टक्क्यांवरून लठ्ठपणाची कारणमीमांसा करणं कितपत योग्य?

शरीरशास्त्री

दूरदेशी, लठ्ठपणाच्या बाबतीत पूर्ण सहमत. आरएमआर गटांत कमी म्हणून तो गट जाड, हे इतकं सरळ नाही. अ‍ॅरिझोनातल्या पिमा लोकांवरचा १९८८ चा अभ्यास सांगतो की ऊर्जाखर्च तुलनेने कमी असलेल्यांचं वजन पुढे जास्त वाढलं. पण ती तुलना एकाच समाजातल्या माणसामाणसांतली होती. खरा पसारा तिथेच आहे. एकाच गटातल्या दोन माणसांत जेवढा फरक सापडतो, त्यापुढे दोन गटांच्या सरासरीतला फरक लहान दिसतो.

आणि बंगळूरच्या गटाचं काम राहिलंच. सोआरेस, शेट्टी आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये भारतातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या मोजण्या एकत्र तपासल्या. शरीररचना धरल्यावर वंशाचा वेगळा परिणाम मिळाला नाही. नेदरलँड्समध्ये २००८ ला आशियाई आणि गोऱ्या लोकांची तुलना झाली, तिथेही हेच.

त्रिज्या

हे निबंध वाचताना एक काळजी घ्या, इथे खूप जण घसरतात. आरएमआर भागिले चरबीविरहित किलो, असा भागाकार करून दोन गट ताडायचे नाहीत. नातं सरळ रेषेचं आहे पण रेषा शून्यातून जात नाही. टॅक्सीत बसल्या बसल्या किमान भाडं लागतं तसं शरीरालाही लागतं, मेंदू साधारण तेवढाच असतो, माणूस लहान असो की मोठा. त्यामुळे लहान चणीच्या माणसाचा 'किलोमागचा' खर्च नेहमीच जास्त दिसतो. भागाकार केला की लहान चणीचा गट चपळ ठरतो, फक्त वजनावरून काढलेल्या सूत्रात बसवला की तोच गट मंद ठरतो. जुन्या वादातले कितीतरी 'शोध' या दोन चुकांमधून आले आहेत, आणि त्यावर माणसांची प्रतवारी झाली याचं मला खरंच वाईट वाटतं.

व्यायामाच्या यंत्रांवरचं 'मेट' हे एकक घ्या. १ मेट म्हणजे किलोमागे मिनिटाला ३.५ मिली ऑक्सिजन, सर्वांसाठी. २००५ मध्ये ७६९ जणांवर ताडून पाहिलं तर सरासरी २.६ निघाली. मेटच्या मापाने मोजलं तर ते सगळेच 'मंद' वंशाचे ठरतील!

पाणकोळी

इतके अभ्यासपूर्ण प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. शरीरशास्त्री यांचा प्रतिसाद वाचून डेक्सा स्कॅन (क्ष-किरणांनी शरीरातली चरबी मोजणारी तपासणी) करून आलो. चरबी २९ टक्के. म्हणजे चरबीविरहित वजन ४८.३ किलो. दिसायला मी सडपातळच आहे, म्हणून आकडा बघून धक्का बसला.

चरबीविरहित वजनावरून अंदाज देणारं कनिंगहॅमचं १९९१ चं सूत्र लावलं: ३७० अधिक २१.६ गुणिले ४८.३. आले १४१३. मोजलेले १३७०. तफावत १० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर! कोरांटीताईंनी दोन दिवसांतला चढउतारच ३ ते ५ टक्के सांगितला होता. माझ्याच उंची-वजन-वयाचा पण १८ टक्के चरबी असलेला माणूस घेतला तर त्याचे येतात १५७४. एकही वंश मध्ये न आणता १६१ किलोकॅलरींचा फरक.

अक्षांश

अभिनंदन, पण सोयीचं सूत्र निवडलंत. त्याच कनिंगहॅमचं १९८० चं सूत्र (५०० अधिक २२ गुणिले) लावा. १५६३ येतात, आणि तुम्ही पुन्हा १२ टक्के खाली.

त्रिज्या

अक्षांश, प्रश्न रास्त आहे. पण १९८० चं सूत्र कशावर बेतलंय बघा: हॅरिस-बेनेडिक्टच्या १९१९ च्या मोजण्यांवर. त्या लोकांचं चरबीविरहित वजन कुणी मोजलंच नव्हतं, नंतर सूत्राने अंदाजलं. १९९१ चं सूत्र पुढच्या अनेक अभ्यासांच्या आढाव्यातून आलंय, आणि तोवर शरीररचना प्रत्यक्ष मोजली जात होती. म्हणून तेच घ्यायचं, निकाल सोयीचा असो वा नसो.

कोरांटी

पाणकोळी, व्यवहारात तुम्ही मोजलेले १३७० धरा, सूत्रांना आता सुट्टी द्या. आणि आकडा वाढवायचा असेल तर वजन तेच ठेवून स्नायू वाढवण्याकडे लक्ष द्या. चार किलो स्नायूंमागे विश्रांतीत पन्नासेक किलोकॅलरीच वाढतील, त्यामुळे मोठ्या अपेक्षा नकोत; पण २९ टक्के चरबी कमी होणं हे साखरेच्या दृष्टीने आरएमआरपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) तपासून घ्या. हे टाळू नका.

पाणकोळी

घेतो ताई. याच आठवड्यात.

अक्षांश

त्रिज्या, १९९१ बद्दलचं म्हणणं मान्य. शरीररचनेने बहुतांश फरक सुटतो हेही मान्य. पण एवेंकी लोकांचं कोडं या धाग्यात कुणीच सोडवलेलं नाही. तिथे चरबीविरहित वजन धरूनही फरक उरतोच. आणि २०१४ चा नेदरलँड्समधल्या लायडनचा अभ्यास: दक्षिण आशियाई आणि गोरे, बारा-बारा सडपातळ तरुण. दक्षिण आशियाई गटात तपकिरी चरबी सुमारे एक तृतीयांशाने कमी भरली. थंडीत उष्णता तयार करणारी हीच ती चरबी. गट लहान आहेत हे कबूल, पण अवयवांच्या वजनाने हे सुटत नाही.

शरीरशास्त्री

हा मुद्दा मला अजिबात टाळायचा नाही. थंडीला दिलेला प्रतिसाद ही विश्रांतीच्या खर्चापेक्षा वेगळी यंत्रणा आहे, आणि तिथे गटागटांत खरा जैविक फरक असू शकतो असं मलाही वाटतं. थायरॉइड, तपकिरी चरबी, बालपणी सोसलेली थंडी, हे सगळं एकत्र बघावं लागेल. तुम्ही यावर स्वतंत्र धागा काढाच. एवेंकींपासून सुरू करा.

जुनीपाने

अक्षांश, काढा. १९३० च्या दशकातल्या ध्रुवीय प्रदेशांतल्या मोजण्यांवरचं माझ्याकडे जे आहे ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.